उपास, उपासमार आणि दगडांचा रस्ता

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेजवळ, काही रस्ते मुद्दाम खराब ठेवले आहेत. शेतांमधून जाणारे हे अरुंद रस्ते ओबडधोबड दगडांचे आहेत. एकेकाळी सगळीकडे असेच रस्ते होते. दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावच्या कारभाऱ्यांनी एकेक करत ते डांबरी करायला घेतले, आणि सायकल शर्यतीच्या चाहत्यांच्या पोटात गोळा आला. दगड गेले तर ‘पॅरिस-रुबे’ कशी होणार? मग उरलेसुरले दगडी रस्ते वाचवायला ‘पॅरिस-रुबेचे मित्र’ अशा नावाची स्वयंसेवी संस्था उभी राहिली. तिची माणसं आजही गुडघ्यांवर बसून निखळलेले दगड हातोडीने ठोकून बसवतात. मदतीला बागकाम शिकवणाऱ्या शाळेतली मुलं येतात. दगडांच्या फटींत उगवलेलं गवत खाऊन टाकायला अलीकडे शेळ्यासुद्धा सोडून झाल्या.

म्हणजे जगात इतरत्र रस्ता खराब झाला की दुरुस्त करतात. इथे तो योग्य तितकाच खराब राहावा म्हणून दुरुस्त करतात. पुण्यात वाढलेल्या माणसाने हे ऐकून हसावं की रडावं?

मी पुण्यातच वाढले. गेली चार वर्षं नोकरीसाठी बेल्जियममधल्या गेंट शहरात राहते. येत्या एप्रिलमध्ये मी त्या दगडांवरून सायकल चालवणार आहे. खरी, व्यावसायिकांची पॅरिस-रुबे रविवारी असते, अडीचशेहून जास्त किलोमीटरची. आदल्या दिवशी, शनिवारी, हौशी लोकांसाठी एक फेरी असते. तिचा सगळ्यात लांब मार्ग सुमारे १७० किलोमीटरचा आहे आणि त्यातले पन्नासहून जास्त किलोमीटर दगडांचे. हे दगड सलग येत नाहीत, तीसेक तुकड्यांत येतात. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि क्रमांक उतरत जातात, म्हणजे किती उरलं ते कळतं. शेवट रुबे गावातल्या जुन्या, उघड्या वेलोड्रोमवर. व्यावसायिक शर्यत जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून काय देतात? एक दगड.

ही तयारी गेले पाच महिने चालू आहे. तिच्याबरोबर एक प्रश्नही चालू आहे, तो मला सोडत नाही. ज्या त्रासातून सुटायला माणसं आयुष्य खर्ची घालतात, तोच त्रास पैसे भरून विकत घेणं यात नेमकं काय चालतं? आणि ते ठीक आहे का?

आधी तो त्रास कसा असतो ते सांगते. गेंटच्या दक्षिणेला, तासाभराच्या अंतरावर, पॅडेस्ट्राट नावाचा दोनेक किलोमीटरचा दगडी रस्ता आहे. हिवाळाभर मी दर शनिवारी तिथे जाते. पहिल्या दहा मीटरांतच हँडल हातात राहात नाही. दात वाजतात. नजर थरथरते, समोरच्या छोट्या स्क्रीनवरचा आकडा वाचता येत नाही. पाण्याची बाटली उडून शेतात जाते. वाटतं, हळू जावं. पण हळू गेलं की चाक प्रत्येक फटीत शिरतं आणि हाल दुप्पट होतात. वेग ठेवला तर चाक दगडांच्या माथ्यावरून तरंगल्यासारखं जातं. हँडल घट्ट धरलं की तळहाताला फोड येतात, मनगटं दुखतात. सैल धरायचं, चिमणी धरावी तसं. ती उडू नये, पण चेंगरूही नये. टायर जाड हवेत, त्यांत हवा कमी हवी. रस्त्याच्या मधोमध, जिथे दगड उंचावलेले असतात, तिथून जायचं. कडेची मातीची पट्टी मोहात पाडते. त्या पट्टीत काच असते, खड्डे असतात आणि पाऊस पडला असेल तर चिखल.

ही तयारी अंग दगडासारखं करण्याची नाहीच मुळी. दगडाशी भांडायचं कधी थांबायचं, एवढंच शिकायचं असतं.

या शर्यतीला एक टोपणनाव आहे: ‘उत्तरेचा नरक’. टी-शर्टवर, मगवर, स्टिकरवर, सगळीकडे हे नाव छापलेलं असतं. इथली मित्रमंडळी मला विचारतात, “काय, नरकाची तयारी कुठवर आली?” बहुतेकांना वाटतं की दगडांमुळे हे नाव पडलं. तसं नाही. १८९६ साली रुबेच्या दोन कापड-गिरणीवाल्यांनी ही शर्यत सुरू केली, तेव्हा दगड हे काही तिचं वैशिष्ट्य नव्हतं. रस्ते असेच असायचे. नाव पडलं १९१९मध्ये. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, चार वर्षं शर्यत झालेली नव्हती. ती पुन्हा घेता येईल का, हे बघायला आयोजक आणि पत्रकार उत्तरेकडे निघाले. त्यांना रस्त्यांच्या जागी बाँबगोळ्यांचे खड्डे दिसले. झाडांच्या जागी जळके बुंधे आणि गावांच्या जागी विटांचे ढीग. वर्तमानपत्रात शब्द आला, ‘नरक’. तो रस्त्याबद्दल नव्हता. माणसांनी तिथे माणसांचं जे केलं होतं, त्याबद्दल होता.

आधीच्या विजेत्यांपैकीही काही जण त्या युद्धातून परतले नव्हते. ऑक्ताव्ह लापीझने ही शर्यत १९०९, १९१० आणि १९११ अशी लागोपाठ तीनदा जिंकली होती. १९१७मध्ये त्याचं लढाऊ विमान पाडलं गेलं. १९१३चा विजेता फ्रान्स्वा फाबेर १९१५मध्ये मारला गेला.

आता त्या शब्दाचं काय झालं बघा. जो त्रास कुणीच मागितला नव्हता, त्याचं नाव पुढे आपण हौसेने घेतलेल्या त्रासाला चिकटलं. चिकटलं ते चिकटलं, वर अभिमानाचं झालं. मला ही गोष्ट अडते. कुणी मुद्दाम काही वाईट केलं असं नाही, शब्द असेच घरंगळत जातात. पण जिथे शब्द घरंगळतो, तिथे विचारही घरंगळतो.

माझे बाबा सव्वीस वर्षं सायकलने कारखान्यात गेले. आमचं घर खडकीचं. पहिली पाळी सातची, त्या वेळेला बस जुळायची नाही. पावसाळ्यात दोन जोड कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यायचे. नव्वदच्या दशकात त्यांनी जुनी एम-एटी घेतली आणि त्याच आठवड्यात सायकल विकून टाकली. आठवण म्हणूनसुद्धा ठेवली नाही. मी माझ्या सायकलसाठी दोन वर्षं पैसे साठवले, हे त्यांना कळलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग व्हिडिओ कॉलवर मी दगडांचे फोटो दाखवले.

“अगं, शेजारी चांगला डांबरी रस्ता दिसतोय की. त्यावरून का नाही जायचं?”

“बाबा, दगडांवरून जायचं हीच तर शर्यत आहे.”

“आणि याचे पैसे ते देणार की तू भरायचे?”

“मी भरायचे.”

ते इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

नंतर मी त्यांना विचारलं, तुम्हाला तेव्हा फार त्रास व्हायचा का? ते म्हणाले, “त्रासबिस काय गं. कुणी विचारलं नव्हतं. जायचंच होतं.”

या वाक्यावर मी किती किलोमीटर विचार केला असेल, सांगता येत नाही. अमर्त्य सेन यांनी एक उदाहरण अनेकदा दिलं आहे. एक माणूस उपास करतो आहे आणि दुसरा अन्न नाही म्हणून उपाशी आहे. दोघांच्या पोटात सारखीच आग. अंगात गेलेलं अन्न मोजलं तर दोघांचा आकडा सारखाच निघेल. तरी दोघांची अवस्था एक नाही, कारण पहिल्याला जेवायचा पर्याय आहे आणि तरी तो जेवत नाही. मराठीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आपल्याकडे ‘उपास’ आणि ‘उपासमार’ हे दोन शब्द आधीपासून आहेत. एका ‘मार’ने सगळं सांगितलं. आणि उपासाचा फार बडेजाव करणाऱ्यासाठी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हा चिमटाही तयार आहे.

पण ‘एकाने निवडलं, दुसऱ्याने नाही’ एवढ्यावर गोष्ट संपत नाही. बाबांनी नोकरी निवडलीच होती की. अर्ज त्यांनीच केला होता. मग त्यांची सायकल निवडलेली की लादलेली?

रुबेजवळच एक जागा आहे, तिथे हा प्रश्न आणखी टोकदार होतो. लील शहराच्या पश्चिमेला न्यूव्ह-शापेल नावाचं छोटं गाव आहे. तिथे पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. एक उंच खांब, त्याच्याभोवती गोल भिंत आणि भिंतीवर ४,७००हून जास्त नावं. ज्यांचं थडगंही सापडलं नाही अशांची. ऑक्टोबर १९१४मध्ये या गावासाठी जी लढाई झाली, तिच्यात बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या आणि त्यांची जबर हानी झाली. बॉम्बे सॅपर्सचं मुख्यालय तेव्हाही खडकीला होतं, आजही आहे. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, खंदक खणणारा, रस्ते करणारा शिपाई. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं पुढे पाठवलं गेलं. फौजेत ते आपणहून भरती झाले असतील. पण फ्रान्समधल्या बीटाच्या शेतात, ऑक्टोबरच्या गारठ्यात मरायला जाणं त्यांनी निवडलं होतं, असं म्हणणं म्हणजे निवड या शब्दाची थट्टा आहे.

फेब्रुवारीत सरावाच्या निमित्ताने मी तिथवर सायकलने गेले होते. जाताना हातमोजे होते, गरम चहाचा थर्मास होता, खिशात परतीच्या रेल्वेचं वेळापत्रक होतं. त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर मला एक साधी कसोटी सुचली, आणि मी ती तेव्हापासून वापरते आहे. कुठल्याही त्रासाबद्दल एवढंच विचारायचं: नाही म्हटलं तर काय होतं?

मी शनिवारी सकाळी नाही म्हटलं, तर भरलेले पैसे जातात आणि मित्र चिडवतात. शर्यतीत मध्येच नाही म्हटलं, तर मागून गाडी येते आणि मला गोळा करून नेते. सायकल शर्यतींत अशा गाडीला ‘झाडूगाडी’ म्हणतात. बाबांनी एखाद्या पावसाळी सकाळी नाही म्हटलं असतं, तर दिवसाचा पगार गेला असता. महिन्यातून चारदा म्हटलं असतं तर कदाचित नोकरी. सॅपरने नाही म्हटलं असतं तर कोर्ट मार्शल. त्रास किती आहे यापेक्षा, ‘नाही’ची किंमत किती आहे, यावरून तो निवडलेला की लादलेला हे ठरतं. आणि ही किंमत शून्य किंवा शंभर अशी नसते. मध्ये सगळ्या पायऱ्या असतात. बाबा त्या मधल्या पायऱ्यांवर कुठेतरी होते. आपल्यापैकी बहुतेक जण तिथेच असतात.

खुद्द शर्यतीतही या पायऱ्या दिसतात. फ्रान्सचा महान सायकलपटू बर्नार इनो याला पॅरिस-रुबे मनापासून आवडत नसे, आणि तो ते उघड बोलायचा. १९८१मध्ये त्याने ती जिंकली, विजेता म्हणून पुढच्या वर्षी आणखी एकदा आला आणि मग कधीच आला नाही. तो इनो होता, त्याला ‘नाही’ परवडत होतं. त्याच्या मागे धावणाऱ्या, वर्षाच्या करारावर असलेल्या पोराला ते परवडलं असतंच असं नाही. शर्यत एकच, दगडही तेच, पण ‘नाही’ची किंमत दोघांना वेगळी.

आणि जाँ स्टाब्लिन्स्की. त्याच्याइतका हा फरक अंगावर वागवलेला माणूस मला दुसरा माहीत नाही. पोलंडहून आलेल्या कुटुंबातला हा मुलगा पोरवयात आरेनबर्गच्या कोळसा खाणीत उतरला. पुढे सायकलपटू झाला, १९६२मध्ये जगज्जेता झाला. साठच्या दशकात डांबरीकरणामुळे दगडी रस्ते कमी पडू लागले, तेव्हा त्याने आयोजकांना आरेनबर्गच्या जंगलातला रस्ता सुचवला. सव्वादोन किलोमीटरहून थोडा जास्त, नाकासमोर सरळ. १९६८मध्ये तो पहिल्यांदा शर्यतीत आला आणि आज सगळ्यात भयंकर तुकड्यांत गणला जातो. त्याच्या खाली खाण होती. स्टाब्लिन्स्कीबद्दल सांगतात की या रस्त्याच्या खाली काम केलेला आणि वरून शर्यत केलेला तो एकटाच. वर जगभरचे कॅमेरे, खाली काळोख. खाण १९८९मध्ये बंद पडली. हा खाणपट्टा आता जागतिक वारसा आहे. वरचा रस्ता जपायला शेळ्या आहेत.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सोड ना हा खेळ. ज्यांना पर्याय नव्हता त्यांच्या हालांची ही नक्कल लाजिरवाणी नाही का? रोममधला सेनेका मित्राला पत्रात सल्ला देत असे की मधूनमधून काही दिवस जाडंभरडं खा, साधं नेस, म्हणजे गरिबीची भीती जाईल. सेनेका स्वतः रोममधल्या गडगंज श्रीमंतांपैकी एक. गरिबीचा सराव करणारा श्रीमंत गरीब होत नाही, हे उघड आहे.

तरीही मला हा खेळ लाजिरवाणा वाटत नाही. याचं कारण पॅरिस-रुबेच्याच इतिहासात सापडतं. १८९६ ते २०२०, या शर्यतीत बायका नव्हत्या. त्यांची पहिली पॅरिस-रुबे झाली ऑक्टोबर २०२१मध्ये, सव्वाशे वर्षांनी. कारणं नेहमीचीच: झेपणार नाही, फार खडतर आहे. आता गंमत बघा. खडतर कामाला बाई नको, असं कुणी कधी म्हटलं होतं? डोक्यावर हंडे, पाठीला पोर, गिरणीतल्या पाळ्या, बाळंतपणं, यातलं काही तिला झेपणार नाही अशी चिंता कुणाला पडली नव्हती. नाकारलं गेलं ते एवढंच की, तिने स्वतःसाठी, कशाच्याही उपयोगाविना, निव्वळ हौसेने काहीतरी अवघड निवडावं. त्या पहिल्या शर्यतीत लिझी डाइग्नन चिखलातून ऐंशीएक किलोमीटर एकटी पुढे राहिली आणि जिंकली. हातमोजे नव्हते, हँडलवरच्या पट्टीला रक्त लागलं होतं. ते रक्त तिचं तिने ठरवलेलं होतं. म्हणून मला ते बघवलं, आनंदाने बघवलं.

अवघड गोष्ट निवडता येणं हे स्वातंत्र्य आहे आणि ते फार थोड्यांना मिळतं. ज्यांना मिळत नाही त्यांच्याबद्दल वाईट वाटून ते फेकून द्यायचं कारण नाही. पण ते वापरताना दोन गोष्टी पाळाव्यात, असं मला वाटतं.

पहिली: त्यांचे शब्द उचलू नयेत. मी दगडांवरून जाऊन आले म्हणून सॅपरचं किंवा खाणीतल्या पोराचं दुःख मला कळलं, असं नाही. मला फक्त दगड कळले. खेळ जिवावर बेततो हेही खरं. २०१८च्या शर्यतीत तेवीस वर्षांचा बेल्जियन सायकलपटू मायकेल गोलार्ट्स हृदय थांबून कोसळला आणि गेला. त्यामुळे खेळातलं दुखणं खोटं असतं असं मी म्हणत नाही. ते खरं असतं, पण वेगळं असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: स्वतः निवडलेल्या त्रासाचं प्रवचन दुसऱ्याला देऊ नये. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत एक साहेब होते, मॅरेथॉन धावणारे. टेबलावर पदकं. रात्री अकराला काम पाठवायचे आणि वर सांगायचे, शरीराला सवय लावा, त्रासातूनच माणूस घडतो. धावताना तो नियम त्यांनी स्वतःसाठी निवडला होता. त्यांना ‘नाही’ फुकट होतं. आमच्यापैकी ज्यांच्या पगारावर घराचा हप्ता चालायचा, त्यांना ते महाग होतं. तुमच्याही आसपास असं कुणी असेल. एखादे काका, जे म्हणतात की आम्ही पण सोसलं. एखादा रीलवाला, जो पहाटे चारला बर्फाच्या पाण्यात बसून तुम्हाला आळशी ठरवतो. त्यांना वाद घालून हरवायची गरज नाही. मनातल्या मनात तो एक प्रश्न विचारा: इथे मी नाही म्हटलं तर काय होतं? उत्तरावरून कळेल की समोर उपास आहे की उपासमार.

त्रासाने माणूस घडतो, हे वाक्य खरं असेलही. पण ते फक्त स्वतःबद्दल म्हणायचं वाक्य आहे. दुसऱ्याबद्दल म्हटलं की ते त्याचा रस्ता खराब ठेवायची सबब होतं. उत्तर फ्रान्समधल्या मोजक्या किलोमीटरांवर दगड जपावेत, हे मला मनापासून पटतं, कारण शेजारी डांबरी रस्ता आहे. खडकीत पाळीला निघालेल्या माणसाच्या वाटेवर मात्र एकही खड्डा असू नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागण्यात विसंगती नाही.

शर्यतीला आता तीन आठवडे आहेत. हँडलवर पट्टीचे दोन थर गुंडाळून झालेत, बत्तीस मिलिमीटरचे टायर बसवलेत. आरेनबर्गच्या रस्त्याला मी घाबरते आहे आणि ही भीती मला आवडते आहे. रात्री वेलोड्रोमवरून बाबांना फोन करीन, तेव्हा ते विचारतील, कसं झालं. नरक वगैरे शब्द मी काढणार नाही. सांगीन की रस्ता फार खराब होता, हात सुजलेत, आणि मजा आली. मग त्यांना विचारीन की पावसाळ्यात ते कुठल्या रस्त्याने जायचे. ते मी कधी नीट विचारलेलंच नाही.